कॅमेरा कोणाच्या हाती?

'मदत' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तुम्ही 'मदद' म्हणता, मराठीत आम्ही 'मदत' म्हणतो. परभणीत दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. अशा गर्दीत कोणी तहानलेल्यांना पाणी देतो, कोणी म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून देतो. या कामाचे पैसे त्यांना कोणी देत नाही. ते स्वतःहून पुढे येतात.

अशा माणसाला मराठीत 'स्वयंसेवक' म्हणतात. उर्दूत त्यालाच 'रझाकार' म्हणतात. रझा म्हणजे मर्जी. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच आहे. पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. निजामाच्या राजवटीच्या अखेरीस, १९४७-४८ साली, रझाकार नावाच्या सशस्त्र संघटनेने हैदराबाद संस्थानात जुलूम केले. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यामुळे मराठवाड्यातील मराठीत हा शब्द कडू आठवणींचा झाला. मराठीत लिहिताना तुम्ही 'स्वयंसेवक' हाच शब्द वापरावा, हे बरे.

पाणी देणे, धान्य वाटणे, रक्त देणे ही मदत डोळ्यांना दिसते. शिंप्याने अनाथ मुलांचे कपडे शिवून दिले, तर तीही मदत सहज समजते. पण ज्याला चित्र काढता येते, गाता येते, गोष्ट लिहिता येते किंवा कॅमेरा चालवता येतो, त्याने काय द्यावे? त्याने आपली कला द्यावी. एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी मोबदला न घेता छोटा चित्रपट तयार करून देणे, हा कलेचे दान करण्याचा एक मार्ग आहे. असा छोटा चित्रपट म्हणजेच आजच्या बोलीत 'व्हिडिओ'.

संस्थेला व्हिडिओ कशासाठी लागतो, असे तुम्ही विचाराल. समजा, ऊसतोडीला गेलेल्या मजुरांच्या मुलांसाठी एक संस्था वसतिगृह चालवते. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे ऊस तोडायला बाहेर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मूल बरोबर गेले तर त्याची शाळा सुटते. वसतिगृह असेल तर ते गावातच राहून शिकू शकते. आता हे वसतिगृह आहे, ही गोष्ट त्या आईबापांना कळली पाहिजे. त्यांतील अनेकांना वाचता येत नाही, म्हणून छापील पत्रक त्यांच्या उपयोगाचे नाही. दुसरीकडे, देणगी देणाऱ्या माणसालाही आपला पैसा कोठे जातो हे पाहायचे असते. तीन मिनिटांचा चांगला व्हिडिओ ही दोन्ही कामे करतो.

पण ही तीन मिनिटे तयार होण्यासाठी किती हात लागतात पाहा. एक जण माहिती गोळा करून संहिता लिहितो. एक जण चित्रण करतो. एक जण आवाजाकडे लक्ष देतो. चित्रण झाल्यावर नको असलेला भाग काढून उरलेले तुकडे जोडावे लागतात. याला संकलन म्हणतात. मग निवेदक आपला आवाज देतो. या सगळ्यांचे पैसे मोजायचे म्हटले तर लहान संस्थेचा कितीतरी महिन्यांचा खर्च त्यातच जाईल. म्हणून स्वयंसेवक लागतात.

येथपर्यंत सगळे सरळ आहे. अडचण पुढे आहे.

१९८४ साली आफ्रिकेतील इथिओपिया देशात भयंकर दुष्काळ पडला होता. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात मोहम्मद अमीन नावाच्या छायाचित्रकाराने तेथील छावण्यांचे चित्रण केले आणि बी.बी.सी.ने ते दाखवले. मोहम्मद अमीन हे केनियातील नैरोबी शहरात जन्मलेले. त्यांचे आईवडील मूळचे पंजाबचे. ती दृश्ये पाहून जग हादरले. ब्रिटनमधील गायकांनी एकत्र येऊन गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढच्या वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, लंडन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांत एकाच दिवशी 'लाइव्ह एड' नावाचा संगीताचा मोठा कार्यक्रम झाला. कलावंतांनी आपली कला दिली आणि दुष्काळग्रस्तांसाठी कोट्यवधी रुपयांच्या मोलाचा निधी जमला. कलेच्या दानाचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

तरीही थोड्याच दिवसांत एक प्रश्न उभा राहिला. त्या काळात निधी जमवण्यासाठी जिकडेतिकडे हाडे दिसणारी मुले, माश्या बसलेले डोळे, पसरलेले हात हीच चित्रे दाखवली जाऊ लागली. आफ्रिकेतला माणूस शेती करतो, मुलांना शिकवतो, हसतो, भांडतो, आपल्या अडचणीवर स्वतः उपाय शोधतो, हे कोठेच दिसेना. बघणाऱ्याला वाटू लागले, की हे लोक म्हणजे नुसते मागणारे हात. अखेर १९८९ साली युरोपातील सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन आपल्यासाठी नियम ठरवले. माणसाची लाज जाईल असे चित्र दाखवू नये, ज्याचे चित्र आहे त्याचे म्हणणे ऐकावे, असा त्या नियमांचा रोख होता.

हा प्रश्न दूरच्या आफ्रिकेचा आहे असे समजू नका. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाला संस्थेने वह्या दिल्या आणि वह्या घेतानाचे त्याचे चित्र गावभर दाखवले, तर त्याला काय वाटेल? मदत करताना एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताला कळू नये, असे आपल्या घरी सांगतात. व्हिडिओ मात्र दिलेले सगळ्या जगाला दाखवतो. मग ज्याने घेतले त्याची मान खाली न जाता हे काम कसे करायचे? काही संस्थाचालक म्हणतात, की रडके चित्र दाखवल्याशिवाय लोक खिशात हात घालत नाहीत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण अशा पैशाची किंमत त्या मुलाने मोजलेली असते, हे ते हिशेबात धरत नाहीत.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या काही माणसांनी आपापल्या पद्धतीने शोधले. त्यांतील पहिली गोष्ट पुण्याची आहे.

सुमित्रा भावे या समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापिका होत्या. पुण्यातील 'स्त्रीवाणी' या संस्थेत त्या संशोधन करत. झोपडपट्टीत राहणाऱ्या दलित स्त्रिया स्वतःकडे कशा पाहतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या स्त्रियांनी आपली सुखदुःखे मोकळेपणाने सांगितली. संशोधन झाले, त्याचे लिखाण झाले. पण भावे यांना एक गोष्ट खटकू लागली. या बायकांनी आपले आयुष्य आपल्याला सांगितले. त्याचे पुस्तक होणार आणि ते शिकलेली माणसे वाचणार. ज्यांनी सांगितले त्यांना मात्र ते वाचताच येणार नाही. घेतलेले परत कसे करायचे? त्यांना वाटले, चित्रपट केला तर या बायका तो पाहू शकतील. चित्रपटाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरी १९८५ साली त्यांनी 'बाई' नावाचा लघुपट केला. झोपडपट्टीतील एका स्त्रीच्या झगड्याची ती कथा होती. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर त्यांनी 'दोघी', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई' असे अनेक मराठी चित्रपट केले. मनाच्या आजाराने गांजलेल्या माणसाला समजून घ्यायला शिकवणारा 'देवराई' आजही अनेकांना आठवतो. भावे २०२१ साली वारल्या.

पुरस्काराचे सोडा. 'हे कोणासाठी?' हा प्रश्न भावे यांनी कॅमेरा हातात घेण्याच्या आधी विचारला, ही मला त्यांची मोठी गोष्ट वाटते.

याच सुमारास अहमदाबादला आणखी एक प्रयोग चालू होता. इला भट्ट यांनी १९७२ साली तेथे 'सेवा' ही संघटना स्थापन केली होती. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या स्त्रिया तिच्या सभासद. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट नावाच्या चित्रपटकर्त्या बाई तेथे आल्या. त्यांनी सेवेच्या कामाचा चित्रपट स्वतः काढून दिला असता, तर काम लवकर झाले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी सेवेच्या स्त्रियांनाच कॅमेरा शिकवला. त्यांतील पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. कॅमेऱ्याच्या बटणांवरील अक्षरे वाचता आली नाहीत, तरी बटणाची जागा बोटांना पाठ होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांतल्याच एका भाजीवालीने अहमदाबादच्या माणेक चौकातील भाजीवाल्यांवर चित्रण केले. माणेक चौक म्हणजे जुन्या शहरातील गजबजलेला बाजार. रस्त्यावर बसून विकणाऱ्या बायकांना तेथून उठवले जाई. पोलीस, दंड, हुसकावणे, हे सगळे तिने भोगलेले होते. काय दाखवायचे, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

आता गोव्याकडे वळू. जेसिका मेबेरी नावाची एक अमेरिकन तरुणी भारतात एका वर्षाच्या सेवाकार्यासाठी आली. अहमदाबादला खेड्यांतील स्त्रियांना चित्रण शिकवण्याचे काम तिने केले. या अनुभवातून २००३ साली 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' ही संस्था सुरू झाली. व्हॉलंटिअर म्हणजे स्वयंसेवक. संस्थेच्या नावातच आपल्या पाठाचा विषय आहे. सुरुवातीला तिचे काम असे होते: परदेशांतील चित्रपट जाणणाऱ्या तरुणांनी काही काळ भारतात यावे, एखाद्या सेवाभावी संस्थेत राहावे आणि तिच्या कामाचा व्हिडिओ करून द्यावा. यात वाईट काही नव्हते. येणारे तरुण मनापासून काम करत.

पण विचार करा. पाहुणा येतो. त्याला गावची भाषा येत नाही. दुभाषा जे सांगेल ते तो ऐकतो. बोअरवेल कोरडी आहे हे त्याला दिसते. पण ती कोणाच्या शेताजवळ घेतली आणि का घेतली, हे त्याला दिसत नाही. काही आठवड्यांनी तो परत जातो. व्हिडिओ होतो, पण व्हिडिओ करण्याची विद्या त्याच्याबरोबरच विमानाने निघून जाते. पुढच्या वर्षी संस्था पुन्हा नव्या पाहुण्याची वाट पाहते.

म्हणून या संस्थेने काही वर्षांत आपला रस्ता बदलला. स्टालिन के. हे भारतीय माहितीपटकार मेबेरी यांच्याबरोबर काम करू लागले. अस्पृश्यतेवरील 'लेसर ह्यूमन्स' आणि 'इंडिया अनटच्ड' हे त्यांचे माहितीपट प्रसिद्ध आहेत. २००६ पासून खेड्यांतील आणि शहरी वस्त्यांतील तरुण-तरुणींनाच शिकवून त्यांचे गट तयार करण्यात आले. हे गट आपल्या भागाचा विषय निवडत, त्यावर चित्रपट करत आणि वस्तीत मोठा पडदा लावून तो दाखवत. चित्रपट संपला की चर्चा होई. २०१० साली 'इंडिया अनहर्ड' हा उपक्रम सुरू झाला. त्यात देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतील गावांत बातमीदार तयार करण्यात आले. शाळेत शिक्षक येत नाहीत, रेशन मिळत नाही, रस्ता अर्धवट पडला आहे, असे विषय त्यांनी घेतले. ते व्हिडिओ संबंधित अधिकाऱ्याला दाखवत आणि प्रश्न सुटला की त्याचा दुसरा व्हिडिओ करत. पहिल्यात कोरडा नळ, दुसऱ्यात पाणी. या बातमीदारांना त्यांच्या व्हिडिओचे पैसेही दिले जात. गरिबाने आपला वेळ फुकट द्यावा, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही, असा त्यामागे विचार होता. तो मला योग्य वाटतो. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने कला दान करावी. रोजंदारी बुडवून येणाऱ्याला मात्र मोबदला मिळालाच पाहिजे.

आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट मात्र जहिराबादची आहे. परभणीहून गंगाखेड, परळी, उदगीर, बीदर असे करत जाणारी रेल्वेवाट पुढे जहिराबादला पोहोचते. आज ते गाव तेलंगणात आहे. पूर्वी तेही आपल्याप्रमाणे हैदराबाद संस्थानात होते. जमीन आपल्यासारखीच कोरडवाहू. जहिराबादजवळ पस्तापूर येथे 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी' ही संस्था आहे. गरीब दलित शेतकरी स्त्रियांचे गावोगाव संघ स्थापन करून तिने ज्वारी, बाजरी, तूर, नाचणी यांसारख्या पिकांची शेती पुन्हा उभी केली. या संघाला तिकडे 'संघम' म्हणतात. पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ते आधी दूरदर्शनवर निर्माते होते. म्हणजे कला त्यांच्या हातात होती. ती त्यांनी या शेतकरी स्त्रियांच्या हाती दिली. २०२३ साली ते वारले.

शेतात राबणाऱ्या या स्त्रिया चित्रण शिकल्या, संकलन शिकल्या. शिकताना एक मजेदार गोष्ट घडली. कॅमेरा कोणत्या उंचीवर धरायचा यासाठी चित्रपटाच्या धंद्यात इंग्रजी नावे आहेत. ती यांना काही जवळची वाटेनात. मग त्यांनी आपली नावे ठेवली. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरून घेतलेल्या चित्राला त्या 'संघम शॉट' म्हणू लागल्या. कारण संघाच्या बैठकीत सगळ्या जणी एकाच जमिनीवर, एकाच पातळीवर बसतात. कॅमेरा आणि माणूस यांची उंची समान नसेल, तर एका चित्राला त्यांनी 'पटेल शॉट' म्हटले. पटेल म्हणजे तिकडचा गावचा बडा जमीनदार. तो उंच ओट्यावर बसणार आणि मजूर खाली उभा राहणार, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले होते.

मुलांनो, या दोन नावांवर थोडे थांबा. युरोपातील संस्थांना जे सांगायला नियमांचा कागद लागला, ते या बायकांनी दोन शब्दांत सांगितले. तुम्ही खाली बसलेल्या भाकरी थापणाऱ्या आजीचे चित्रण उभे राहून केले, तर ती केविलवाणी दिसते. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसा आणि मग चित्रण करा. तीच आजी, तीच चूल, तीच भाकरी. पण आता ती तुमच्याशी बोलत असते.

या स्त्रियांनी कापसावरही चित्रपट केला. वारंगळ भागातील शेतकऱ्यांनी बी.टी. कापसाचे महागडे बियाणे लावले होते. त्यांच्याकडे वारंवार जाऊन, पेरणीपासून वेचणीपर्यंत काय काय झाले ते या बायकांनी टिपले आणि शेतकऱ्यांची नाराजी त्यांच्याच तोंडून दाखवली. बी.टी. कापसाबद्दल शास्त्रज्ञांत आणि शेतकऱ्यांत आजही वेगवेगळी मते आहेत. तो वाद या पाठाचा विषय नाही. परभणी जिल्ह्यात कापूस सगळ्यांच्या माहितीचा आहे, म्हणून एवढेच विचारतो: कापसावरचा चित्रपट ज्यांनी स्वतः कापूस वेचला आहे त्यांनी करणे आणि शहरातून आलेल्या पाहुण्याने करणे, यांत फरक पडेल की नाही?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आमच्याजवळ साधने कोठे आहेत? त्यासाठी मालेगावकडे पाहा. नाशिक जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे गाव. तेथील पुष्कळ लोक घरी उर्दू बोलतात. तेथे नासिर शेख यांनी २००० साली, अगदी थोड्या पैशांत, 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. काम करणारे बहुतेक जण गावातलेच. मोठ्या चित्रपटात कॅमेरा सरकवण्यासाठी रूळ टाकतात. मालेगावात सायकल वापरली. कॅमेरा उंच न्यायला यंत्र लागते. त्यांनी बैलगाडीचा उपयोग केला. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाचा माहितीपट केला. मालेगावचे चित्रपट कोणत्या संस्थेच्या मदतीसाठी नव्हते, करमणुकीसाठी होते. पण सायकल आणि बैलगाडी तुमच्याही गावात आहेत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे लोक आपल्याला उगीच म्हणत नाहीत. जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच!

आज साधा मोबाइलही चांगले चित्रण करतो. पण मोबाइल हातात घेण्याआधी करायची कामे जास्त महत्त्वाची आहेत. समजा, तुम्ही चौघे-पाच जण मिळून वर सांगितलेल्या वसतिगृहासाठी व्हिडिओ करणार आहात. पहिल्या दिवशी मोबाइल खिशातच ठेवा. तेथे जा, बसा, मुलांबरोबर जेवा, त्यांच्याशी बोला. हा व्हिडिओ कोण पाहणार, हे संस्थेला विचारा. आईबाप पाहणार असतील, तर मूल कोठे झोपते, काय खाते, आजारी पडले तर कोण बघते, हे दाखवावे लागेल. देणगीदार पाहणार असतील, तर पैशाचा हिशेब दाखवावा लागेल. दोघांसाठी एकच व्हिडिओ करायला गेलात, तर तो कोणाच्याच कामाचा होणार नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. उर्दूत तुम्ही 'इजाजत' म्हणता. ज्याचे चित्रण करायचे त्याला आधी विचारा. हा व्हिडिओ कोठे दाखवला जाईल, हे त्याला सांगा. तो नको म्हणाला तर कारण विचारू नका. मूल असेल तर त्याला विचाराच, शिवाय त्याच्या पालकांनाही विचारा. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र असे ओळख पटवणारे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. अशा वेळी चेहऱ्याऐवजी हात दाखवा, पाटीवर लिहिलेली अक्षरे दाखवा, दारात काढून ठेवलेल्या लहान लहान चपला दाखवा. कधी कधी चेहऱ्यापेक्षा चपलाच जास्त बोलतात.

आवाजाकडे नवशिके लोक दुर्लक्ष करतात. चित्र थोडे हलले तर बघणारा चालवून घेतो. शब्द ऐकू आला नाही तर तो उठून जातो. म्हणून बोलणाऱ्याच्या जवळ जा, पंखा बंद करा, रस्त्याच्या कडेला उभे राहू नका. प्रश्न असे विचारा, की ज्यांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देताच येणार नाही. 'वसतिगृह आवडते का?' असे विचारले तर मूल मान हलवेल. 'काल रात्री काय जेवलास? शेजारी कोण बसले होते?' असे विचारले तर ते बोलू लागेल.

निवेदनाचे काम तुमच्यासारख्या मुलांना चांगले जमेल, असे मला वाटते. तुम्ही शाळेत उर्दू शिकता, मराठी शिकता आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दखनी बोलली जाते. ही फार मोठी पुंजी आहे. मराठी निवेदन जिल्हा परिषदेच्या कार्यालयात कळेल, उर्दू निवेदन दूरच्या देणगीदाराला कळेल आणि दखनी निवेदन मोहल्ल्यातील नानीला कळेल. लिहिताना वाक्ये लहान ठेवा. सावकाश वाचले तर एका मिनिटात साधारण १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांसाठी साडेतीनशे शब्दही पुरेसे. आणि मध्ये मुलांचे बोलणे ऐकू द्यायचे असेल, तर त्याच्या निम्मेच लिहा.

व्हिडिओ तयार झाला, की तो सर्वांत आधी कोणाला दाखवाल? बरेच जण संस्थेच्या अध्यक्षांना दाखवतात. तुम्ही तो वसतिगृहात घेऊन जा. संध्याकाळी अभ्यास झाल्यावर भिंतीवर पांढरी चादर लावा आणि ज्या मुलांचे चित्रण केले त्यांनाच प्रथम दाखवा. ती हसतील, एकमेकांना कोपराने ढोसतील. एखादा मुलगा गप्प बसेल. त्याला नंतर बाजूला घेऊन विचारा, आणि त्याने सांगितले तर तो भाग काढून टाका.